खापरखेड्याची चिमणी

दीक्षाभूमीवरची दसऱ्याची गर्दी ओसरते, दिवाळी सरते, आणि एका सकाळी स्कूटीची किल्ली फिरवताना बोटांना गार लागतं. त्या दिवशी माझा हंगाम सुरू होतो. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. शेतात धान कापून होतं तेव्हा आमच्याकडे मैदानं आखायला घेतात. चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोह्याची वाफ उठत असते, कडेला पहिल्या संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, आणि मी पोहे खाता खाता यादी करते. रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची पोती, सुतळी, टेप, लाल आणि पांढरी झेंडी, सेफ्टी पिना, गूळ-शेंगदाणे, बँडेज, मुलींसाठी पॅड. हा शेवटचा शब्द वाचताना कार्यालयातले बाबू खिडकीबाहेर बघतात. म्हणून दरवर्षी पक्की यादी करताना मी तो सगळ्यात वर घेते.

यंदा मात्र दुसऱ्याच एका यादीत माझं नाव आलं. वार्षिक क्रीडा संमेलनाची कामं वाटून दिली होती. मंडप अमक्याकडे, चहापान तमक्याकडे, आणि खाली, ‘प्रमुख पाहुण्यांचा परिचय : मेश्राम मॅडम’.

“परिचय तुम्हीच करा बरं मॅडम,” मुख्याध्यापक म्हणाले. “तुमचं सगळं कसं टापटीप राहते.”

मी पाहुण्यांचं नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग म्हटलं, “करते सर. आनंदानं करते.”

ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या काळी त्यांच्या बातमीखाली ‘क्रीडा प्रतिनिधी’ एवढंच असायचं. आपणही तेवढंच म्हणू.

*

डिसेंबरच्या सकाळी लोखंडी गोळा हातात घेतलाय का कधी? तो नुसता गार नसतो, चावरा असतो. मानेशी, जबड्याच्या खाली टेकवला की एक शहारा टाचेपर्यंत जातो. मग तिथली कातडी हळूहळू त्याला ऊब देते, आणि फेकायच्या क्षणी तो आपल्याच अंगाचा भाग वाटायला लागतो. बारावीतल्या त्या हिवाळ्यात माझ्या मानेवर गंजाचा एक तपकिरी डाग कायमचा बसला होता. आई तो दगडाने घासायची. “लगीन कसं होईल वं तुह्यं,” म्हणायची, आणि घासता घासता स्वतःच हसायची.

आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. बाबा वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होते. दोरीवर पांढरा युनिफॉर्म वाळत घातला की संध्याकाळपर्यंत त्यावर राखेची साय धरायची. शाळेतल्या नागपूरच्या मुलींचे सॉक्स पांढरे आणि आमचे करडे, यावरून आम्ही कुठले ते ओळखू यायचं. पण चिमणीचं आम्हाला कौतुक होतं. गावाहून परतताना एसटीच्या खिडकीतून दुरून ती दिसली की बाबा म्हणायचे, “आली आपली चिमणी. आता घर आलंच समजा.” त्या चिमणीखाली दिवाळी-दसरा न पाळता पाळ्या करणारा माणूस होता तो. आभाळात जाणारी सर्वांत उंच वस्तू आपल्या हातच्या कोळशावर चालते, हा त्यांचा अभिमान होता. घरात त्यावर कोणी विनोद केलेला त्यांना खपत नसे.

त्या हिवाळ्यात जिल्हा स्पर्धेत मी गोळाफेकीत पहिली आले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती. ती मला पाठ आहे. शाळेतल्या कविता विसरले, ही विसरले नाही.

‘श्यामवर्णी, सहा फुटांना टेकलेली, भरल्या मांड्यांची ही कन्या वर्तुळात उतरली तेव्हा खापरखेड्याची चिमणीच चालत आल्याचा भास झाला. धूर तेवढा निघायचा राहिला!’

पुढे लांब उडीतल्या नीताबद्दल होतं. ती पाचवी आली होती. पण ‘चवळीच्या शेंगेसारखा कमनीय बांधा’ म्हणून फोटो तिचा होता, वाळूत पडतानाचा, स्कर्ट वर गेलेला. पहिली, दुसरी, तिसरी कोण ते खाली बारीक टाइपात. माझा गोळा किती लांब गेला, ते कुठेच नव्हतं. मी बातमी खालून वर, वरून खाली वाचली. उंची होती, रंग होता, मांड्या होत्या, धूरसुद्धा होता. अंतर नव्हतं.

नीताच्या काकांनी तो फोटो पाहिला आणि तिचे बूट माळ्यावर टाकले. लोक म्हणतात, वाईट लिहू नये, चांगलं लिहिलं तर काय बिघडतं? नीताबद्दल चांगलंच लिहिलं होतं. पुढच्या हिवाळ्यात ती मैदानावर नव्हती.

*

बाबांना ती बातमी कळली नाही. म्हणजे वाचली त्यांनी, मोठ्याने वाचली, पण त्यांना वेगळीच कळली.

“पाह्य वं,” ते आईला म्हणाले, “पेपरवाल्यानं आपल्या पोरीले चिमणी म्हणलं. आपल्या प्लांटची चिमणी! साऱ्या जिल्ह्यात तिच्याएवढं उंच काही हाय का?”

आईला कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, सांगू नको.

बाबांनी त्या दिवशी कँटीनमध्ये पाळीवरच्या सगळ्यांना आलुबोंडा खाऊ घातला. कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. तिथल्या कुणीही त्यांना काही सांगितलं नाही, यासाठी मी त्या माणसांची आजही ऋणी आहे. मागे हसले असतील, समोर मात्र ‘वा गा मेश्राम, नाव काढलं पोरीनं’ म्हणाले. कॉलनीतली पोरं तेवढी सभ्य नव्हती. मी दिसले की नाकातून धूर सोडल्यासारखं करायची.

रविवारी बाबा म्हणाले, “चाल, त्या साहेबाले भेटून येऊ. आभार मानू. अन् तुह्यं अंतर टाकायचं राहिलं त्याच्याकडून, ते सांगू. विसरला असेल बिचारा.” त्यांनी बाजारातून निवडून निवडून संत्री घेतली. सैल सालीची, आतून गोड. एकेक हातात तोलून पाहिलं. कापडी पिशवी भरली.

पेपरचं कार्यालय नागपुरात, सदर भागात होतं. लाकडी जिना, शाईचा आणि थंड झालेल्या चहाचा वास. क्रीडा प्रतिनिधी टेबलामागे बसले होते. बारीक अंगाचे, तरुण, केसांचा फुगा काढलेले. बाबांनी हात जोडले, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, लय चांगलं लिहिलं तुम्ही. फक्त पोरीचं अंतर राहिलं. ते एखाद्या दिवशी टाकलं तं बरं होईन.”

“जागा नव्हती हो,” ते म्हणाले. “जागा कमी पडते. अंतरंबिंतरं कोण वाचते?” मग त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. “अरे, इकडे पाह्य. हीच ती चिमणी.”

त्या माणसाने मान वर करत करत मला खालून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत पोचल्यावर शिट्टी वाजवली. दोघं हसले.

त्या हसण्याने बाबांना बातमी कळली. मी त्यांच्या चेहऱ्यावर ती कळताना पाहिली. एकेक शब्द मागे जाऊन पुन्हा वाचल्यासारखा त्यांचा चेहरा बदलत गेला. ते “बरं साहेब” म्हणाले आणि जिना उतरले. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. दुरून चिमणी दिसली, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशी बोर्डावरचं कात्रण त्यांनीच काढलं.

संत्री तिथेच राहिली. मांड्या, रंग, धूर, या साऱ्याचं माझं मी बघून घेतलं असतं. पण ती संत्री मी विसरले नाही.

*

एवढ्या हिवाळ्यांत मी किती सूड रचले! घर आवरताना, हजेरी भरताना, रांगेत उभी असताना. त्यांना कधीतरी वर्तुळात उभं करून त्यांच्या पायावर गोळा ठेवायचा, हा सर्वांत साधा. त्यांचा पेपर मी घरी घ्यायचे, तोही सूडच. वाचायचा आणि मग त्यावर भजी निथळायला काढायची. दुसऱ्या बायकांबद्दल काय लिहितात ते बघायची. धावणारीला ‘हरिणी’, पोहणारीला ‘जलपरी’, कुस्ती खेळणारीला ‘मर्दानी’. जिंकली तर ‘देखणी’, हरली तर ‘सुटलेली’. आई होऊन परत आलेल्या एका खेळाडूच्या पोटावर त्यांनी अख्खा परिच्छेद लिहिला होता. तिची वेळ दिली नव्हती. जागा नसेल.

स्टाफरूममध्ये मी एकदा हा विषय काढला तर मराठीचे वानखेडे सर म्हणाले, “तुम्हीही मॅडम उगाच तापता. कौतुकच केलं न त्यानं. अलंकार आहे तो.”

“अलंकार अंगावर घालायच्या आधी विचारतात, सर,” मी म्हटलं. त्यांनी चहा संपवला.

माझं म्हणणं सोपं आहे. शरीरावर लिहूच नका, असं मी म्हणत नाही. खेळ शरीरानेच खेळतात, मग लिहिणार कशावर? माझा उजवा पाय वर्तुळात अर्धा क्षण उशिरा वळायचा, त्यामुळे खांद्याचा जोर वाया जायचा. हे त्या दिवशी कोणी लिहिलं असतं तर मी ते कात्रण देवासारखं जपलं असतं. मांडी किती भरली आहे ते लिहू नका, त्या मांडीने काय केलं ते लिहा. शेतातल्या बैलाच्या खांद्याचा जोर बघतात आणि बाजारातल्या बैलाचं अंग चाचपतात. फरक बैलाला कळतो. वार्ताहरांना कळत नाही असं नाही, त्यांना तो नको असतो.

*

आता क्रीडा प्रतिनिधींचं स्वतःचं पोर्टल आहे. पेपर घरोघरी जायचा, हे मोबाइलमधून खिशाखिशात जातं. जागेची तर काहीच टंचाई नाही. आणि यंदा नोव्हेंबरात, जिल्हा स्पर्धेनंतर, त्यावर माझी विद्यार्थिनी झळकली. समीक्षा, दहावीतली, कुही तालुक्यातली. घरी धानाची शेती. शाळेसाठी नागपुरात मावशीकडे राहते. खांदे रुंद, पावलं रुंद, आणि वर्तुळात वळते ती अशी, की इतक्या वर्षांत मी दुसरी पाहिली नाही. जे माझ्या उजव्या पायाला कधी जमलं नाही, ते तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

मथळा होता, ‘कुहीची कणगी गोळाफेकीत अव्वल!’ धान भरून ठेवायची कणगी, तळाशी रुंद, मधे फुगलेली. खाली फोटो, मागून काढलेला.

माणसाने एवढ्या वर्षांत नवी युक्तीसुद्धा शिकू नये! गावाचं नाव घ्यायचं, तिथली एखादी वस्तू घ्यायची आणि मुलीच्या अंगावर आदळायची.

समीक्षा मैदानावर यायची थांबली. विभागीय स्पर्धा जानेवारीत. मी मावशीच्या घरी गेले. ती दारात बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. जेवत नव्हती, मावशीने सांगितलं. अर्धी पोळी, बस.

“काहून वं, येऊन नाही राहिली?”

“मी नाही येत आता मॅडम. गावात सारे कणगी म्हणून राहिले मले. बाबाच्या फोनवर बी पाठवलं कोणी.”

“बाबा काय म्हणाले?”

“बाबा म्हणे, कणगी भरलेली राह्यली तं चांगलीच गोष्ट हाय.” तिचे डोळे भरले. “त्यायले समजलंच नाही न मॅडम.”

मी त्या पायरीवर बसले. शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. सोलता सोलता तिला माझी चिमणीची बातमी सांगितली, राहिलेल्या अंतरासकट. मग म्हटलं, “खेळू नको. पण वीस तारखेला संमेलनाला ये. खुर्चीत बस. एवढंच कर माझ्यासाठी.”

“काय हाय तिथं?”

“परिचय आहे. ऐकण्यासारखा होणार आहे.”

*

पाहुण्यांनी स्वतःबद्दलची माहिती आधीच पाठवली होती. दोन पानं, टाइप केलेली. पुरस्कार, पदं, लेखमाला, परदेश दौरा. मी ती नीट फाइलला लावली. संमेलनाच्या खरेदीच्या यादीत ‘शाल, श्रीफळ, संत्र्यांची टोपली’ असं होतं. आमच्याकडे पाहुण्याला संत्री देतातच. संत्र्यांवर मी काट मारली.

त्या दिवशी ऊन कोवळं होतं. फक्कीच्या रेघा इतक्या सरळ होत्या की मला त्यावर चालावंसं वाटेना. समीक्षा मावशीबरोबर शेवटच्या रांगेत बसली होती, ओढणी खांद्यांवरून पसरून. मी माइक हातात घेतला.

“मान्यवर आणि विद्यार्थी मित्रहो. आजच्या पाहुण्यांचा परिचय त्यांच्याच शैलीत करून देण्याचा मोह मला आवरत नाही.” ते हसून मान डोलावत होते. “गव्हाळ वर्णाचे, बेताच्या उंचीचे, भरल्या पोटाचे हे गृहस्थ मघाशी व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, तेव्हा सदरचा पाण्याचा टँकरच रिव्हर्स येत असल्याचा भास झाला. हॉर्न तेवढा वाजायचा राहिला!”

मग मुलींच्या बाजूने पहिलं हसू फुटलं.

“डाव्या कानामागून उसनवारीवर आणलेले केस त्यांनी टकलावर मोठ्या कौशल्याने पसरले आहेत. सफारीची चौथी गुंडी गेला अर्धा तास एकटीच किल्ला लढवते आहे. तिचं आपण टाळ्यांनी अभिनंदन करू.” टाळ्या झाल्या. खूप झाल्या. “या वयात, या बांध्यावर, ते अजूनही लिहितात हे विशेष. त्यांनी आजवर काय लिहिलं, कोणते पुरस्कार मिळवले, याची माहिती माझ्याकडे आहे. पण क्षमा असावी. जागा नाही.”

मी माइक ठेवला. क्रीडा प्रतिनिधींचा हात गुंडीवर गेला होता. त्यांनी तो खाली घेतला, मग पुन्हा वर नेला, मग मांडीवर ठेवावा की टेबलावर ते त्यांना कळेना. स्वतःचं अंग कुठे ठेवावं हे न कळणं. सतराव्या वर्षी त्या जिन्यावरून उतरताना मला तसंच झालं होतं. मी पाहत राहिले. पोटभर पाहिलं.

ते माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, “हे काय मॅडम? आपली काही ओळख आहे का?”

“आहे न,” मी म्हटलं. “धूर निघायचा राहिला होता.”

त्यांना आठवलं की नाही, ठाऊक नाही. त्यांच्यासाठी मी एक वाक्य होते, ते लिहून झाल्यावर ते जेवायला गेले असतील.

एखाद्याच्या पोटावर, टकलावर बोलणं चूक आहे, हे मला कळतं. मुलींना मी तेच शिकवते. चूक होती म्हणूनच केली. सोज्वळ भाषेतली निवेदनं मी त्यांना दोनदा पाठवली होती, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. परिचयाचं उत्तर त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर लगेच दिसलं, लालभडक.

मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मेमो दिला. पाहुण्यांचा जाहीर अवमान केल्याबद्दल खुलासा करावा. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, ‘कौतुकच केले होते.’ वानखेडे सर बाजूला उभे होते. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “अलंकार आहे तो, सर.”

पुढे काय होईल ते होईल. वेतनवाढ रोखतील. तेही मी धरूनच चालले आहे.

*

बाबा आता भावाकडे असतात. कमी ऐकू येतं. मी फोनवर ओरडून सगळं सांगितलं. टँकर सांगितला, गुंडी सांगितली. ते हसले की खोकले, कळलं नाही.

“संत्री देली काय त्याले?” त्यांनी विचारलं.

म्हणजे तेही विसरले नव्हते.

“नाही, बाबा.”

“बरं केलं.”

टोपलीचे पैसे वाचले होते, त्यांतून मी संत्री आणली होती. निवडून निवडून, सैल सालीची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर घेऊन गेले. धुकं होतं. कालच्या खुर्च्या मंडपाच्या कडेला रचलेल्या होत्या. गोळाफेकीच्या वर्तुळापाशी कोणीतरी बसलं होतं, बूट बांधत. ओढणी नव्हती.

मी पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. समीक्षाने एक संत्रं सोललं. त्या थंडीत सालीचा तो झणझणीत वास लांबवर गेला. तिने सगळ्या फोडी खाल्ल्या, बोटं चाटली आणि दुसरं घेतलं.

“मॅडम, त्या टायमाले तुमचा किती गेला होता? त्यानं लिहिलंच नव्हतं म्हणता.”

“तुला काय करायचंय?”

“सांगा न.”

मी सांगितलं. तिने टेप घेतला, वर्तुळाच्या पुढच्या फळीशी दाबून ठेवायला माझ्याकडे टोक दिलं, स्वतः मोजत गेली आणि तिथे फक्कीची एक आडवी रेघ मारली. लांबून ओरडली, “बस, येवढंच? हे तं मी मागच्या महिन्यातच पार केलं!”

तिचा गोळा तीन किलोचा, माझा चारचा होता. ते मी तिला सांगितलं नाही. ती परत आली, तळव्याला माती चोळली, गार लोखंड मानेशी टेकवलं आणि शहारली. मग वळली. गोळा माझ्या रेघेच्या पलीकडे पडला आणि ओल्या मातीत रुतला.

तिचं अंतर ती पुढच्या महिन्यात स्वतः सगळ्यांना सांगेल. माझं राहिलं होतं, ते इथे टाकते. दहा मीटर एकसष्ट सेंटिमीटर. पाहा, अर्धी ओळसुद्धा लागली नाही.